अर्ध्या जगाची वाटणी

मी, चित्रांना चौकटी करणारी बाई, वय झालेली पण भान न सुटलेली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे का, हे पाहायला डॉक्टरांनी आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि मायकेलअँजेलोने ते प्रसिद्ध छत आडवं पडून नव्हे, उभं राहून रंगवलं, हेही सांगितलं. त्यांनी मुकाट्याने दाखला दिला. यापूर्वीचे कोणतेही मृत्युपत्र नाही. कोणी पुढे केलेच तर ते खोटे समजावे.

एक. घराचा वरचा मजला माझ्या नावावर आहे. तो माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला द्यावा. अट एकच: खाली राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला, दादाला, तिने त्याच्या मर्जीविरुद्ध आपल्याकडे नेऊ नये. पोरी, तुझा जीव तुटतो हे मला कळतं गं. पण त्याने जन्मभर नकाशा कचेरीत बसून साऱ्या जगाच्या नद्या काढल्या आणि स्वतः ही गल्ली सोडली नाही. आता या वयात त्याला हलवू नकोस.

दोन. काच कापायचा हिरा, करवती आणि चौकटीचे कोन जुळवायचा साचा शेजारच्या सुताराला द्यावा. तो हे सगळं कित्येक वर्षं "दोन मिनिटांसाठी" नेतो आहे. निदान परत आणून द्यायचा त्याचा त्रास वाचेल. त्याला साक्षीदार व्हायची फार हौस होती, पण ज्याला काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये, असं वकीलबाई म्हणतात. त्यावर तो हिरमुसला. हिरा की सही, असं विचारल्यावर मात्र लगेच हिरा म्हणाला.

तीन. हे कलम वकीलबाईंना पसंत नाही, तरी ते राहील.

लहानपणी सामान्यज्ञानाच्या एकाच जाड पुस्तकावरून माझी आणि दादाची झोंबाझोंबी व्हायची. आईने कंटाळून जगच वाटून दिलं. देश, नद्या, डोंगर, शहरं दादाची. माणसं, चित्रं, गाणं आणि नाच माझा. दुसऱ्याच्या वाटणीतलं उत्तर द्यायचं नाही, त्याला विचारायचं. आई गेली, पुढे वहिनी गेली, नियम राहिला. रोज संध्याकाळी चहाला दादा विचारतो, "बहिरा झाल्यावर सिंफनी लिहिणारा कोण गं?" मी बेथोव्हेन म्हणते आणि विचारते, "दोन खंडांवर वसलेलं शहर कोणतं रे?" इस्तंबूल म्हणताना त्याचा चेहरा असा खुलतो, जणू ते त्यानेच वसवलंय. टँगोचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. नाच माझा, पण ज्या नदीच्या दोन्ही काठांवर तो वाढला ती नदी दादाची.

याच नियमाने आमचा घात केला. एका प्रश्नमंजूषेची अंतिम फेरी होती, मी आणि दादा एका संघात. प्रश्न आला, होकुसाईने छत्तीस दृश्यांची चित्रमालिका कोणत्या पर्वतावर केली? मला वाटलं पर्वत आहे, दादाचा. त्याला वाटलं चित्र आहे, माझं.

"सांग ना, दादा."

"अगं, तुझं आहे. तूच सांग."

घंटा वाजली. समोरच्या संघातल्या पोस्टातल्या बाई शांतपणे "फुजी" म्हणाल्या आणि करंडक घेऊन गेल्या. त्या आमच्या समोरच राहतात. करंडक खिडकीत मांडलाय आणि त्यात चमचे ठेवतात! तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

गेल्या महिन्यात बोलले. मी दवाखान्यात होते तेव्हा दादा कोणाशी चकार शब्द बोलला नाही, असं सुताराने मला सांगितलं. भाचीने दिलेला, सगळी उत्तरं सांगणारा फोन कपाटात पडून होता. "त्याला सगळंच येतं," दादा म्हणाला, "त्याच्याशी काय बोलायचं?" तेव्हा मला भीती वाटली. मरणाची नव्हे, माझ्यामागे हा माणूस मुका होईल, याची. मी रस्ता ओलांडून गेले.

"माझी वाटणी तुम्ही घ्याल का?" मी विचारलं.

"अहो, मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही," पोस्टातल्या बाई म्हणाल्या.

"शिकाल. पण डोंगर-नद्या त्याला विचारायच्या. येत असल्या तरी."

"आणि फुजी?"

"तो तुम्ही जिंकलाय. तो तुमचाच."

त्या हसल्या आणि त्यांनी मला चहा दिला. चमचा करंडकातलाच होता.

तरी माझी वाटणी, म्हणजे समस्त चित्रकार, गायक, वादक व नर्तक, तसेच भिंतीवरची चित्रे आणि कलेची पुस्तके, पोस्टातल्या बाईंना द्यावीत. त्यांनी रोज संध्याकाळी दादाकडे चहाला यावे.

दादा, तुला वाईट वाटेल, म्हणून इथेच सांगते. माझी वाटणी तुला केव्हाची पाठ आहे, हे मला ठाऊक आहे. मला एखादं नाव आठवेनासं झालं की तू पाणी प्यायला उठतोस आणि मला आठवेपर्यंत आतच थांबतोस. इतका जीव मला कोणी लावला नाही रे. तरीही ती वाटणी मी तुला देत नाही. तुला दिली, तर तुला विचारायला कोणी उरणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: चौकटीवाली

साक्षीदार: १. डॉक्टर (दाखला सोबत जोडला आहे) २. कोपऱ्यावरचा बेकरीवाला

स्थळ: दुकानामागची खोली

तारीख: महिन्याचा दुसरा मंगळवार, दुपार