पांढऱ्या घोडीला दिलेलं नाव

मी, यतीन मुरलीधर रणदिवे, वय ५२, राहणार ब्रिन-डी, साउथ वेल्स, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल पत्नी शैलाला शंका आहे, पण ती लग्नापासूनची. माझ्यावर कोणाचा दबाव नाही असंही लिहायचं असतं. आहे. तो दाराबाहेर उभा राहतो.

१. घर शैलाला. दाराची बेल काढून टाकावी.

माझ्या जाण्याचं कारण लिहिणं भाग आहे, नाहीतर लोक ब्लडप्रेशर म्हणतील. इथे नाताळानंतर काठीवर घोडीची कवटी लावून, वर पांढरी चादर पांघरून मंडळी दारोदार येतात. त्यांनी बाहेरून कडवं गायचं, घरच्यांनी आतून कडव्यानेच उत्तर द्यायचं. हरलात की घोडी आत. आमच्या पहिल्या हिवाळ्यात शेजारचा ग्विन असा आला, बिअर पिऊन गेला. थोड्या वेळाने पुन्हा बेल वाजली.

"बाबा, ती घोडा परत आलाय," मनाली काचेतून बघत म्हणाली. "पण तिला पाय नाहीत."

"चादरीत असतील गं," शैला म्हणाली. "अरे, हे तर आपल्यासारखंच! दार अडवलंय, उखाणा घ्यायचा." आणि नसलेला पदर सावरून तिने घेतला:

पांढऱ्या घोडीच्या गळ्यात वाजे घुंगरू,
यतीनराव माझे गरीब, जसं हिचंच शिंगरू!

मग चादरीतून, स्वच्छ मराठीत, एकच शब्द आला. "माझंच?"

दुसऱ्या दिवशी ग्विनने जुनी गोष्ट सांगितली. भर थंडीत तबेल्यातून हाकललेली गाभण घोडी. शिंगरू बर्फात गेलं, ती अजून दारोदार शोधते. "तुमच्याकडे आहे असं सांगितलं नाहीत ना?" त्याने हसत विचारलं. मग माझा चेहरा पाहून हसायचा थांबला.

तेव्हापासून दर हिवाळ्यात ती मला न्यायला येते आणि मी दाराआडून यमकं जुळवून तिला परत पाठवतो. माझ्या कोपरखळ्यांना मराठी मंडळात कोणी हसत नाही, ती हसते. ओठ नसल्यामुळेही तसं वाटत असेल. दिवाळीपासून मला ओल्या गवताच्या वासाने भूक लागते. यंदा यमकं संपली आहेत. आज हरलो तर ती आत येईल, आणि आत या दोघी आहेत. म्हणून मीच बाहेर जातो.

२. बचत मनालीच्या युनिव्हर्सिटीसाठी. तिने आपलं मराठी सुधारू नये. तिचं बोलणं ऐकून घोडीसुद्धा क्षणभर गोंधळते.

३. मंडळाचा सेक्रेटरी सतीश याने माझ्या प्रत्येक लेखातला विनोद काढून उरलेलं "खुसखुशीत" म्हणून छापलं. त्याला माझं बर्फ काढायचं फावडं. ते त्याने कधीच नेलंय. आता त्याला वारसा म्हणावं.

४. शैलाला कोणी बोल लावू नये. उखाणा चांगला होता, लग्नातल्यापेक्षा कितीतरी. शैला, तू गरीब म्हणालीस ते मी मनावर घेतलं नाही. घेणारीने घेतलं.

५. देह मिळणार नाही. मिळालाच, तर त्याचे पाय मोजू नयेत.

६. पुढच्या हिवाळ्यात दाराशी दोघं येतील. मोठीला उत्तर द्यायचं नाही, हे तुम्हाला कळतं. लहान असेल ते थट्टा करेल, सतीशची नक्कल करेल. मनाली, हसायचं नाही. शैला, नाव घ्यायचं नाही. तुमचं हसू ऐकलं तर मला वाटेल, दार उघडतंय.

साक्षीदार:
ग्विन प्रीस, शेजारी. मराठी येत नाही, साक्षीला लागतही नाही. यंदा त्याने आपली घोडी बाहेर काढलेली नाही.
जगदीश वाघमारे, मित्र, क्रॉयडन. "वेडा आहेस का रे" म्हणत सही केली, मग माझा हात सोडेना.

शैलाला घर मिळत असल्याने तिची साक्ष चालत नाही. ती स्वयंपाकघरात नळ सोडून उभी आहे, म्हणजे रडणं ऐकू येऊ नये.

ब्रिन-डी, ५ जानेवारी २०२६.

लिहून होईपर्यंत बोटं एकमेकांना चिकटल्यामुळे सहीऐवजी अंगठा. तो अंगठाच आहे, असं दोन्ही साक्षीदारांनी मोठ्या मनाने मान्य केलं आहे.