चार फुटांची रेघ

२१ एप्रिल १९७३

बॅटरी पुन्हा उतरली! राजूरला नेऊन चार्ज करायची म्हणजे दोन दिवस बुडाले. रंभाजीच चुंबळ ठेवून डोक्यावरून नेतो. आमचा नावाडी, साठीचा. ॲसिड सांडून सदऱ्याची चाळण झाली, तरी तक्रार नाही.

त्याला यंत्र समजावलं – पाण्यात आवाज सोडतं, तो तळावर आपटून परत येतो, कागदावर खोलीची रेघ उमटते. त्यावरून धरणातला गाळ कळतो. म्हणाला, "पान्याला हाक मारतंय म्हना की!"

२४ एप्रिल

नवा नियम. होडी खुणेवर आली की बटण चालू, रेघ उमटली की लगेच बंद. कुणी विसरलं तर खैर नाही! रंभाजी हसतो. "बायकोलाबी येवढं जपत नसाल, सायेब."

२८ एप्रिल

आज त्यानं पहिल्यांदाच काही मागितलं. त्याचं गाव याच पाण्याखाली आहे. गाव उठायच्या आधी त्याची लेक, बनी, तिथल्या विहिरीत पडून गेली. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्या नावानं तो पाण्यात घास सोडतो. पण विहीर नेमकी कुठं, ते आता उमगत नाही. "एकडाव तितं यंत्र चालवा. लेकीचा घास भलतीकडं नगं जायला."

बॅटरी सरकारी कामाची, म्हणालो. मग त्याच्या तोंडाकडे बघवेना. आखाजीला सकाळी नेतो – कबूल केलं.

४ मे

मोजणी संपली. बॅटरी राजूरहून भरून आणली, खास उद्याच्या आखाजीसाठी. संध्याकाळी होडीत बसून यंत्र तपासत होतो, तेवढ्यात एस.टी.चा हॉर्न. कंडक्टरकडून आईचं औषध घ्यायचं होतं. होडी खुंट्याला बांधलेलीच होती. रंभाजीला लक्ष ठेवायला सांगून धावत सुटलो.

५ मे

बॅटरी ठार! आणि रंभाजी पुरणपोळीचा घास घेऊन उभा. दुष्काळातली पुरणपोळी!

माझं डोकंच फिरलं. "माझ्यामागं चोरून विहीर शोधून आलास ना?"

"न्हाई, सायेब."

चारचौघांत चोर म्हणालो त्याला. यंत्रातला कागद ओढून डब्यात कोंबला. तो घास घेऊन निघून गेला.

६ मे

काल दुपारी तो एकटाच होडी घेऊन गेला. बांबूनं तळ चाचपत होता म्हणे. होडी उलटी सापडली. तो नाही.

त्याची बायको भागिरथी काठावर बसून आहे. मला म्हणाली, "तुमचं यंत्र लावा, सायेब. हाक मारा त्येनला."

यंत्राला माणूस सापडत नाही. आणि बॅटरीतही जीव नाही.

७ मे

सापडला. सदऱ्यावरून ओळखला.

११ मे

कचेरीत पाठवायला कागद नीट लावत होतो. डब्यातला चोळामोळा झालेला कागद उलगडला. तो विहीर शोधत फिरला असता, तर रेघ वर-खाली झाली असती.

रेघ सरळ आहे. चार फूट, चार फूट, चार फूट – फिकट होत संपेपर्यंत. होडी खुंट्यालाच होती. बटण मीच चालू ठेवून गेलो होतो.