पो आणि पोंगा

बाबा, तुमचं तमिळ ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुम्ही होतात तोवर हे तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. पुण्याहून आपण मद्रासला आलो आणि टी. नगरच्या घरी स्वयंपाकाला येणारी बाई तिच्या लहानग्याशी जे बोलायची, तेच ऐकून तुम्ही भाषा उचललीत. वा म्हणजे ये, पो म्हणजे जा. लेकराशी बोलायची ती भाषा घेऊन तुम्ही थेट फाउंड्रीत शिरलात, मॅनेजर म्हणून, आणि पिकल्या केसांच्या कामगारांनाही 'पो' म्हणायला लागलात. मला तुम्हीच तिथे टायपिस्ट म्हणून चिकटवलं होतंत, त्यामुळे सगळं कानांवर पडायचं. एकदा जेवताना मी धीर करून म्हटलं, "बाबा, मोठ्या माणसाला पोंगा म्हणतात. आपण ये आणि या म्हणतो ना, तसं." तुमचं ताट भिंतीवर आदळलं. "त्या 'गा'नं काय भट्टी पेटते? हे लोक दरडावल्याशिवाय हलत नाहीत. तू मला शिकवू नकोस!" सांबार भिंतीवरून ओघळत होतं आणि आई फडकं शोधत होती.

माल वेळेवर जायचा, हे खरं. पण तुम्ही फोरमनचा पाणउतारा केलात की तो साचेवाल्याच्या कानाखाली वाजवायचा आणि साचेवाला हेल्परला लाथ घालायचा. बघता बघता अख्ख्या शेडला हात उचलायची सवय लागली. काही तडकलं, बिघडलं, की लोक ते भंगाराखाली दडपायचे. तुम्ही म्हणायचात, "बघ, सगळे चोर!" अहो, घाबरून लपवायचे ते! मला रोज दिसत होतं, तुम्हाला कसं दिसत नव्हतं?

मग तो दिवस. पंपाच्या ओतीव भागाला भोकं पडली आहेत. म्हातारा साचेवाला, तुमच्याहून वयानं कितीतरी मोठा, सांगतोय की साच्याची वाळूच ओली आली होती, मी फोरमनला बोललो होतो. तुम्ही ऐकूनच घेत नाही. त्याचा जावई त्याच शेडमध्ये नुकताच लागलाय. त्याच्यादेखत तुम्ही म्हाताऱ्याच्या थोबाडीत ठेवून देता आणि ओरडता, "पो!" म्हातारा जात नाही. भट्टीजवळची सांडशी उचलतो आणि तुमच्या जबड्यावर घालतो. हाड मोडल्याचा आवाज मला ऑफिसच्या दारात ऐकू येतो. दुसरा घाव खांद्यावर बसतो, तुम्ही कोसळता, रक्तात दात पडलेले असतात, आणि शेडमधला कुणीही पुढे येत नाही. शेवटी जावयानंच सासऱ्याला मागून धरलं. मी किंचाळले, पण त्याआधी क्षणभर मला बरं वाटलं होतं, बाबा.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर त्याला बेड्या घालून हॉस्पिटलात घेऊन आला. "सार, हाच ना? केस लावू?" त्या वयात म्हातारा तुरुंगातून जिवंत परतला नसता. तुम्ही त्याच्याकडे बघत पट्ट्यांमधून काहीतरी पुटपुटलात. काय म्हणाले, असं इन्स्पेक्टरनं मला विचारलं. मी म्हटलं, "पोंगा म्हणाले. त्यांना मानानं जा म्हणतायत. केस करायची नाही." म्हातारा तुमच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. तुम्ही माझ्याकडे रोखून पाहिलंत आणि डोळे मिटलेत.

तुम्ही कामावर परतलात तोवर ही गोष्ट शेडभर झाली होती. कामगार उठून उभे राहिले. तुम्ही गोंधळलात, चिडलात, आणि मग अडखळत का होईना, 'पोंगा' म्हणायला लागलात. तुमचा हात पुन्हा कुणावर उठला नाही. तुम्ही गेलात तेव्हा तो म्हातारा तिरडीला खांदा द्यायला आला होता.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून लिहायचा धीर होतोय. बाबा, त्या दिवशी हॉस्पिटलात मला फक्त 'पो' ऐकू आलं होतं.