उंबऱ्याच्या वर गेलेला रस्ता

बाबा, आपलं घर आता रस्त्याच्या खाली गेलंय. स्वारगेटमागच्या आपल्या गल्लीत मी लहान असताना पायऱ्या चढून घरात यायचे. आता रस्त्यावरून उतरून उंबऱ्यात पाय ठेवावा लागतो. तुम्ही रस्त्यांचे इंजिनिअर. दर वर्षी गणपतीच्या आधी गल्लीत डांबराचा नवा थर टाकून घ्यायचात. आधी जुना थर खरवडून काढायचा असतो, हे मला तुम्हीच सांगितलेलं. पण खरवडण्यात वेळ जातो आणि मिरवणुकीला रस्ता गुळगुळीत हवा, म्हणून आपला थरावर थर. एकदा पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, "अहो, खालची पायरी गेली." पेपरातून डोकं वर न काढता तुम्ही म्हणालात, "एक चढायची वाचली तुझी. आभार मान." आम्ही सगळे हसलो. मला तुमचा केवढा अभिमान होता तेव्हा! रोलर दारापर्यंत आला की तुम्ही चहाला घरात यायचात, चपलांचं डांबर फरशीला लागायचं आणि आई करवादायची.

तुम्ही गेलात, थर थांबले नाहीत. गेल्या पावसाळ्यात गल्लीतलं सगळं पाणी घरात शिरलं. शेजाऱ्यांनी दार ढकललं तेव्हा आई पलंगावर पाय वर घेऊन बसलेली, खाली गढूळ पाणी. तुमचा इतका राग आला मला, अजूनही येतो. कर्वेनगरला माझ्याकडे चल म्हटलं, तर म्हणते, "आणि हे चहाला आले म्हणजे?" डोकं तिचं ठिकाणावर आहे, भाजीवाला तिला फसवू शकत नाही. फक्त रोलरचा आवाज आला, की ती आधण ठेवते. जमीन हादरते, फळीवरच्या बश्या वाजतात, आणि ती तुमचा कप काढते.

आज पुन्हा रोलर आला. मी बाहेर जाऊन तिथल्या तरुण इंजिनिअरला म्हटलं, "अहो, आधी खरवडा तरी. आत म्हातारं माणूस राहतं."

"मॅडम, फेस्टिव्हलच्या आधी कम्प्लीट करायचंय. खरवडत बसलो तर झालंच मग."

अगदी तुमचाच सूर. मी उतरून घरात आले.

तुम्हाला चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून लिहायला बसले. पाठवणार कुठे, म्हणा. पण खरं सांगते. पावसाने उघडीप दिलीय, तो पुन्हा लागायच्या आत आज आईला न्यायचंच म्हणून कोपऱ्यावर रिक्षा थांबवली होती. रोलर दारापुढे येऊन थांबला, तेव्हा आईच्या आधी मीच दाराकडे पाहिलं. आणि रिक्षा परत पाठवली.