लाल दोऱ्याची पेटी

मी, डेल्फिया रस्क, वय एकोणतीस, राहणार क्विन्स फोर्क, मिझुरी राज्य, व्यवसाय मापयंत्रे तपासून प्रमाणित करणे, हे मृत्युपत्र माझ्याच स्वयंपाकघरात, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. मला काहीही झालेले नाही. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितले की डाव्या खांद्यात उरलेला शेवटचा छर्रा जागच्या जागी स्थिर आहे, तो काढण्याची गरज नाही. घरी येताना मी गाडी रस्त्याच्या कडेला लावून बराच वेळ नुसती बसून राहिले. मग ठरवले की हे काम प्रकृती ठीक असतानाच उरकावे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर, ओढ्याकडची जमीन, बँकेतील शिल्लक आणि पिकअप गाडी माझा धाकटा भाऊ वेड रस्क याला मिळावी. गाडीचा दुसरा गिअर अडकतो. हे त्याला तोंडी सांगून झाले आहे, आता लेखी सांगते.

२. शिकारीत रानटर्की पक्ष्याला आवाज काढून बोलावण्याची पाटी आणि ती घासायच्या काड्या वेडची मुलगी जूनी हिला द्याव्यात. पाटीला बोट लावू नये. बोटाचे तेल लागले की ती मुकी होते. दव पडले तरी मुकी होते. अशा सकाळी तोंडात धरून फुंकायची रबरी पडदी वापरावी. ती वाजवताना हात हलवावे लागत नाहीत, म्हणून ती सगळ्यांत सुरक्षित. माझ्या पडद्या मात्र कुणी घेऊ नयेत. त्या माझ्या तोंडात होत्या.

३. वेडची रबरी नळी, जी हलवली की नर टर्कीसारखा आवाज येतो, हरवलेली नाही. ती मी काढून घेतली. जंगलात नराचा आवाज जिथून येतो तिकडे बंदुका वळतात, आणि वेड ती चालता चालता हलवत असे. ती शेगडीत जाळावी.

४. मागच्या एप्रिलमध्ये मला लागलेल्या गोळीबाबत.

आईच्या वडिलांनी देवदाराची एक पेटी केली होती. तिचे झाकण कडेवर ओढले की मादीची साद निघते: आधी बारीक सूर, मग तो फुटून खरखरीत. पाचोळ्यात पडली तर सापडावी म्हणून त्यांनी झाकणाच्या मुठीला लाल दोरा गुंडाळला होता. साद घालायला मला मामाने, ऑरव्हल टीग याने शिकवले. सुरुवातीला तो म्हणायचा, "पोरी, तू त्याला बोलवत नाहीयेस, त्याची तक्रार करतेयस." मी एकामागून एक साद घालू लागले की, "एकदा बोलावलंस ना? मग गप्प बस. तो बहिरा नाही." आणि प्रत्येक हंगामाच्या आधी न चुकता: "आवाजाकडे जायचं नाही. कधीच नाही. त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं."

त्या सकाळी दव होते आणि माझी पडदी फाटलेली निघाली. मी आजोबांची पेटी काढली. मामा टेकडीच्या पलीकडे होता. माझी पाटी तो कुठूनही ओळखतो, पण ही पेटी आजोबा गेल्यापासून जंगलात वाजली नव्हती, आणि मी ती आणली आहे हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला ती खरी मादी वाटली. जवळच नराने उत्तर दिले. मामा आवाजाच्या दिशेने निघाला. झुडपामागे त्याला काहीतरी लाल हलताना दिसले. नराचे डोके लाल असते.

त्यानेच मला पाठीवर घालून रस्त्यापर्यंत आणले.

वेड म्हणतो, दावा लाव. मी लावणार नाही आणि माझ्या मागे माझ्या वतीने कुणी लावू नये. तसा वेगळा करार सही करून वकिलाकडे दिला आहे. चूक मामाची होती. ती मी इथे नोंदवून ठेवते, म्हणजे ती रोज आठवण्याचे काम त्याला उरणार नाही.

५. पेटी मामाला द्यावी. त्या दिवसापासून तो माझ्या घरात आलेला नाही. मामी, नदीन टीग, दर रविवारी बीन्स आणि मक्याचा पाव घेऊन येते. तो बाहेर गाडीत बसतो, इंजिन चालू ठेवून. सोमवारी मी त्याला फोन केला.

"मला मृत्युपत्राला साक्षीदार हवाय, मामा."

"मरतेयस का?"

"नाही. रिपोर्ट चांगला आलाय."

"मग मृत्युपत्र कशाला?"

"चांगला आलाय म्हणूनच."

"दुसरं कुणीतरी बघ, पोरी."

तो पेटी घेणार नाही, असे वेडचे मत आहे. तसे झाल्यास ती माझ्याबरोबर पुरावी. घेतल्यास: कडेला लावायचा खडू बिनतेलाचा वापरावा, झाकणाला पॉलिश पेपर लावू नये, आणि दोरा त्याने स्वतःच्या हाताने काढावा.

६. सही करण्यापूर्वीची दुरुस्ती. आज मामी आली आणि पाठोपाठ बाहेरचे इंजिन बंद झाले. मामा टोपी हातात घेऊन आत आला. त्याने वरचे कलम उभ्याउभ्याच वाचले.

"म्हणजे ही मला मिळायची तर आधी तू मरायचं."

"कायद्याने तसंच."

"मग आत्ताच दे."

मामी म्हणाली, "एवढंच बोलायचं होतं, तर वर्षभर गाडीत बसून पेट्रोल कशाला जाळलंत?"

त्याने खिशातल्या चाकूने दोरा कापला, कडेला खडू लावला आणि झाकण ओढले. बारीक सूर आला आणि फुटला. मी म्हटले, पुन्हा.

"एकदा पुरे," तो म्हणाला. "तू बहिरी नाहीस."

सबब कलम ५ रद्द. पेटी माझ्या हयातीत हातोहात दिली आहे. या मृत्युपत्राने ऑरव्हल टीग याला आता काहीही मिळत नाही, त्यामुळे साक्षीदार म्हणून सही करायला तो मोकळा आहे.

वरील मजकूर मी वाचला असून तो माझाच आहे. खालील दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण: क्विन्स फोर्क, मिझुरी
दिनांक: २ एप्रिल २०२३

(सही) डेल्फिया रस्क

साक्षीदार:
(सही) नदीन टीग
(सही) ऑरव्हल टीग. सहीवर खडूचे बोट उमटले आहे. ती खाडाखोड समजू नये.