माणिक आणि लालडी

लोणावळा,
८ जानेवारी २०२५

प्रिय स्नेहलताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे. माझा नंबर तू अजून ब्लॉकच ठेवला आहेस, म्हणून हे पत्र. तुमच्या घोरावाडीचा पोस्टमन तरी तुझं ऐकायचा नाही. दाजींचा खोकला कसा आहे? कामशेतला घरी नवा इंद्रायणी तांदूळ आला. वास असा, की शेजारच्या शालूबाई वाटी घेऊनच हजर.

माझी नोकरी छान चालली आहे. रत्नांच्या लॅबमध्ये दिवसभर खडे तपासायचे. तू माझ्या नावाने खडे फोडत असशील, मी इथे खरेच बघते!

गेल्या रविवारी आईच्या दोन्ही अंगठ्या तपासायला इथे लॅबमध्ये घेऊन आले. माझी, आबांनी आईला घेतलेली आणि आईने मला दिलेली. आणि तुझी, आईच्या आईची, झुंबरआजीची. लग्नात आईने तुला दिलेली. ती सैल करायला नेलीस तेव्हा सोनार म्हणाला, "माणिक न्हाई ताई, लालडी हाय ही." तू ऐकलंस, 'खोटी'. सावत्र लेकीला लालडी, पोटच्या पोरीला माणिक! अंगठी ओट्यावर ठेवलीस आणि या घरी पुन्हा येणार नाही म्हणून कानाला खडा लावलास.

सोनार चुकला नव्हता. ती लालडीच आहे. पण लालडी म्हणजे नकली माणिक नव्हे गं, ते वेगळं रत्न आहे, जमिनीतूनच आलेलं. माणिक तिच्याहून कठीण, तिच्यावर ओरखडा काढेल. सारख्या आकाराचे घेतले तर वजनालाही तेच जड. पण लालडी काही लेचीपेची नाही, काचेवर सहज रेघ ओढते.

खरी मजा उजेडाची. माणकात शिरलेल्या किरणाचे दोन होतात. आमच्या एका छोट्या नळीतून पाहिलं की शेजारीशेजारी दोन लाल दिसतात, एक जांभळट, एक केशरट. लालडीत किरण एकच राहतो. कशीही फिरवा, तोच लाल. आजीच्या खड्यात सूक्ष्मदर्शकाखाली इवलेसे टोकदार कण ओळीने बसलेले दिसले. लॅबमधल्या सगळ्यांना बोलावून दाखवले. इतकी सुंदर वस्तू इतकी वर्षं आपल्या घरात होती आणि आपल्याला पत्ता नाही.

माझ्या माणकाचं तू विचारशीलच. त्यात दोन लाल दिसले. वजन बरोबर, कठीणपणा बरोबर. मग आत पाहिलं. आत गोलाकार वाकलेल्या रेघा आणि हवेचे बुडबुडे. जमिनीत तसं होत नाही, भट्टीत होतं. माझं माणिक कारखान्यात केलेलं आहे, ताई. आबांना कुणीतरी बनवलं. मी आधी खूप हसले. मग रडू आलं, ते का ते मलाही नीट कळलं नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "असंना का. तुला काय बी दिलं आसतं तरी तू माजीच. पोटातनं आलीयास, तुला दावायचं काय ऱ्हायलं? तिला मातर दावायला पायजे व्हतं, मी आई हाय म्हनून. माज्या आईची येवडी एकच वस्तू माज्यापाशी व्हती. ती दिली."

"मग हे तिला तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"आईनं आसं सांगत बसायचं व्हय?"

ताई, मी रोज चांगले खडे बघते, पण या बाईसारखं काही पाहिलेलं नाही. आणि ती आता थकली आहे. ओट्यावर तुझी अंगठी दिसली त्या दिवसापासून नीट जेवत नाही, हे तिने मला लिहू नको म्हणून सांगितलं होतं.

अंगठी मी कुरिअरने पाठवणार नाही. ती मी आईला परत नेऊन दिली, तिच्या पदराच्या गाठीला आहे. तिच्या हातूनच घे.

तू नाही म्हणालीस तरी तुझीच धाकटी,
प्रेरणा