संगणक क्र. ४ मधील मयुरीचा आवाज

प्रति,
मा. अधीक्षक,
रानवाट वाचनालय व संगणक केंद्र,
धानोरा, जि. गडचिरोली.

विषय : संगणक क्र. ४ फॉरमॅट न करता जसाच्या तसा बाजूला ठेवणेबाबत.
संदर्भ : येत्या सोमवारी सर्व संगणक फॉरमॅट होणार असल्याची फलकावरील सूचना.

महोदय,

१. अर्जदार बी.ए. असून तिचा मुलगा आयुष, वय पाच, याला ऐकू येते, समजते, पण बोलता येत नाही. तो आपल्या संगणक क्र. ४ वर चित्रांच्या सॉफ्टवेअरने बोलायचा. चित्र दाबले की शब्द ऐकू येतो. त्यात घरच्या माणसाचा आवाज भरता येत असे. अर्जदाराची थोरली मुलगी मयुरी हिने उन्हाळ्याच्या सुट्टीत शब्द न् शब्द स्वतः भरला. ग्लास दाबला की "मले पानी दे नं वो" आणि लगेच तिचे हसू, कारण आयुषने तेव्हाच तिच्या अंगावर पाणी सांडले होते. स्वतःच्या फोटोवर तिने भरले होते, "मी इथीच आहो, आयू."

२. मयुरी श्रावणात तापाने गेली. घरच्या मोबाईलमध्ये तिचे फोटो आहेत, आवाज नाही. आयुष केंद्रात आला की आधी तिचा फोटो दाबायचा, मग बाकीचे बोलायचा. अर्जदार मागच्या बाकावर बसून ऐकायची.

३. केंद्रात नेट नुकतेच आले. दसऱ्याला केंद्रचालक निकेशभाऊंनी यंत्रांची पूजा मांडली, प्रत्येक कीबोर्डवर आपट्याचे पान ठेवले, आणि सणाला सगळे नवे असावे म्हणून संगणकातल्या ॲप स्टोअरमध्ये 'सर्व अद्ययावत करा' दाबले. "वहिनी, आतून बी चकाचक करून टाकलं जी," असे ते आनंदाने म्हणाले. त्यांचा हेतू चांगलाच होता. त्यांच्यावर कारवाई व्हावी असे अर्जदाराचे म्हणणे नाही.

४. नवीन आवृत्तीत भरलेले आवाज राहिले नाहीत. मयुरीच्या फोटोच्या जागी दोन वेण्यांच्या मुलीचे चित्र आहे. ते दाबले की बातम्या दिल्यासारखी कोणी बाई म्हणते, "बहीण." आयुषने उठून संगणकाच्या मागे जाऊन पाहिले. त्यानंतर त्याने एकही चित्र दाबलेले नाही.

५. स्टोअरमध्ये जुनी आवृत्ती मिळत नाही. तेथील अभिप्रायाच्या चौकटीत अर्जदाराने सगळी हकीकत लिहिली. नाराजीचे कोणी वाचत नसेल म्हणून पाचही तारे दिले. उत्तर आले : "आपल्याला ॲप आवडले याचा आनंद आहे. मित्रमंडळींनाही जरूर सांगा."

६. पुसलेल्या फायली परत मिळवून देणारे एक गृहस्थ नागपूरला आहेत. डिस्कवर नवीन काही लिहिले गेले नाही तर काही सापडेल, पण खात्री नाही, असे ते म्हणतात. सबब संगणक क्र. ४ सोमवारपूर्वी बंद करून ठेवावा, कोणी सुरूही करू नये. सगळे शब्द नाही मिळाले तरी चालेल. पाण्याचा मिळावा. तोही अर्धा असला तरी, हसण्याकडचा अर्धा.

७. अर्जदाराच्या मोबाईलवर बोलणे मोठ्यानेच ऐकू येते, कानाशी धरून ऐकायची सोय बिघडली आहे. म्हणून आपले उत्तर 'नाही' असल्यास कृपया फोन करू नये. मला केंद्रात बोलावून घ्यावे. आयुषला सगळे ऐकू येते.

आपल्या निरोपाची वाट पाहणारी, नम्र अर्जदार,
सौ. रंजीता प्रफुल भांडेकर
दि. १५ ऑक्टोबर २०२४

सोबत : १) स्टोअरच्या उत्तराचा फोटो. २) आयुषच्या दिव्यांग प्रमाणपत्राची झेरॉक्स. ३) मयुरीचा मृत्यू दाखला (मूळ प्रत आहे, परत मिळावी).